मान मोडली की खेळ संपला

अमेरिकेत १९८० च्या सुमारास पिझ्झाच्या दुकानांपासून बसस्थानकांपर्यंत सर्वत्र उभी असलेली, नाणे टाकून खेळावयाची व्हिडिओ गेम यंत्रे आज संग्राहकांच्या तळघरांत, मोजक्या संग्रहालयांत आणि जुन्या खेळांना वाहिलेल्या काही केंद्रांत उरली आहेत. ‘पॅक-मॅन’, ‘अ‍ॅस्टरॉइड्स’, ‘डाँकी काँग’ ही नावे तिकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या पिढीला आपल्याकडच्या एखाद्या जुन्या चित्रपटाच्या नावासारखी वाटतात. ही यंत्रे चालती ठेवणे हा आता अनेकांचा छंद आणि काहींचा व्यवसायही झाला आहे. लाकडी पेटी सुतार पुन्हा बनवू शकतो. तिच्यावरची रंगीत चित्रे नव्याने छापून मिळतात. बटणे आणि जॉयस्टिक आजही कारखान्यांतून तयार होतात. जळालेला सर्किट बोर्डदेखील जाणकाराच्या हाती पडला तर पुन्हा बोलू लागतो. मात्र एक भाग असा आहे की जो या खेळांसाठी आता कोणी बनवत नाही. तो म्हणजे पेटीच्या पोटात बसवलेली काचेची पिक्चर ट्यूब. यंत्रातला हाच भाग सर्वांत जड, हाच सर्वांत नाजूक, आणि बदली भाग म्हणून सर्वाधिक मागणीही त्यालाच. शेकडो मैल दूर असलेल्या विक्रेत्याकडून ही ट्यूब अखंड कशी आणावी, हा म्हणूनच या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न ठरला आहे.

पिक्चर ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेली एक मोठी काचेची बाटली होय. तिचा रुंद, जाड तळ म्हणजे आपल्याला दिसणारा पडदा. मागे निमुळती होत गेलेली, अंगठ्याहून थोडी जाड अशी नळी म्हणजे तिची मान. या मानेत इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारी ‘गन’ असते. आत पोकळी असल्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब काचेवर अहोरात्र पडत असतो. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो इतका असतो. १९ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे अकराशे चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे एकट्या पडद्यावर एक टनाहून अधिक भार झाला. तो पेलण्यासाठी पुढची काच जाड ठेवावी लागते. शिवाय ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्टचा विद्युतदाब द्यावा लागतो, आणि त्यातून निर्माण होणारे क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून काचेत शिसे, बेरियम अशी जड द्रव्ये मिसळलेली असतात. साहजिकच लोखंडी चौकटीसह १९ इंची मॉनिटरचे वजन २० किलोच्या घरात जाते आणि २९ इंचीचे त्याच्या दुपटीपुढे. यातले बहुतेक वजन पडद्याकडे एकवटलेले असते, तर मागची मान चहाच्या पेल्याइतकी पातळ काच असते. ट्यूबच्या प्रवासातल्या बहुतेक अडचणी या विषम वाटणीतून उद्भवतात.

ही ट्यूब मुळात दूरचित्रवाणी संचाची. अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या ‘अँडी कॅप्स’ या मद्यालयात प्रथम ठेवला गेला, तेव्हा त्याच्या पेटीत दुकानातून आणलेला साधा कृष्णधवल टीव्हीच बसवलेला होता. पुढे शिकागोची वेल्स-गार्डनर, कॅनडातील इलेक्ट्रोहोम अशा कंपन्या खास खेळयंत्रांसाठी मॉनिटर बनवू लागल्या. त्यांतील विद्युतमंडले वेगळी असली, तरी ट्यूब मात्र टीव्हीच्या कारखान्यांतूनच येत असे. त्यामुळे टीव्ही उद्योगाचे जे झाले तेच या यंत्रांच्याही वाट्याला आले.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. रंगीत पिक्चर ट्यूबच्या क्षेत्रात अमेरिकेच्या आरसीए कंपनीचे नाव सर्वांत मोठे होते, आणि अनेक खेळयंत्रांतही तिच्या ट्यूब असत. आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने घेतली. पुढच्याच वर्षी तिचा टीव्ही व्यवसाय फ्रान्सच्या थॉमसनकडे देण्याचा करार झाला. २००५ मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूब व्यवसाय विकत घेतला तो औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनने. सपाट पडद्यांची लाट समोर दिसत असताना केलेला हा व्यवहार तेव्हाही अनेकांना धाडसाचा वाटला होता. सोनीने २००८ मध्ये आपल्या नामांकित ट्रिनिट्रॉन ट्यूबचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतरच्या दशकात जगभरचे ट्यूब कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. व्हिडिओकॉनचे प्रकरण २०१८ मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. निकामी ट्यूबची मान कापून नवी गन बसवून देणाऱ्या कार्यशाळाही एके काळी गावोगाव होत्या. अमेरिकेतील अशी शेवटची कार्यशाळा, आयोवा राज्यातील ‘हॉक-आय’, २०१० मध्ये बंद झाली आणि तिची यंत्रसामग्री ओहायोतील जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या संग्रहालयाने घेतली. त्यामुळे आज जगात जेवढ्या ट्यूब शिल्लक आहेत तेवढ्याच. वाटेत फुटणारी प्रत्येक ट्यूब हा साठा एकाने कमी करते.

मग आजचा सपाट पडदा का बसवू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. बसवता येतो आणि बसवणारे पुष्कळ आहेत. परंतु जुन्या खेळांची चित्रे ट्यूबच्या ओळीओळींनी उमटणाऱ्या प्रतिमेसाठी रेखाटलेली असतात आणि सपाट पडद्यावर ती ठोकळेबाज दिसतात. बंदुकीने नेम धरावयाचे ‘टाइम क्रायसिस’सारखे खेळ तर सपाट पडद्यावर मूळ बंदुकीने खेळताच येत नाहीत, कारण झोत पडद्यावरील त्या बिंदूशी नेमका कोणत्या क्षणी पोहोचला यावरूनच नेम ओळखला जातो. ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ (१९७९) आणि ‘टेम्पेस्ट’ (१९८१) या खेळांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या व्हेक्टर मॉनिटरमध्ये ओळी नसतातच. इलेक्ट्रॉनचा झोत लेखणीप्रमाणे फिरून प्रत्येक आकृती थेट रेखाटतो. त्या रेषांची झळाळी ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला दुसरे काही पसंत पडत नाही.

शोध कोठे घ्यावा

बदली मॉनिटर मिळण्याची ठिकाणे तीन-चारच आहेत. पहिले म्हणजे जुन्या चालकांची कोठारे. ही यंत्रे दुकानांत भाड्याने ठेवून नाण्यांत वाटा घेणारे व्यावसायिक प्रत्येक शहरात होते आणि त्यांच्या गोदामांत मोडकी यंत्रे वर्षानुवर्षे पडून राहिली. अशी कोठारे कोठे सापडतील याचा नेम नसतो. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर ‘ड्यूक ऑफ लँकेस्टर’ नावाचे, १९५६ मध्ये सेवेत आलेले प्रवासी जहाज कायमचे रुतवून ठेवलेले आहे. काही काळ ते तरंगते, खरे तर न तरंगणारे, मनोरंजन केंद्र होते. ते बंद पडले तेव्हा आतली खेळयंत्रे तशीच राहिली. २०१० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील संग्राहकांनी ती विकत घेतली आणि क्रेन लावून एकेक यंत्र जहाजावरून खाली उतरवले. खाऱ्या हवेने अनेक यंत्रे गंजली होती. तरी हा ऐवज संग्राहकांच्या दृष्टीने खजिनाच होता.

दुसरा मार्ग जपानचा. तिथल्या खेळगृहांतून निघालेल्या सेगाच्या ‘अ‍ॅस्ट्रो सिटी’सारख्या यंत्रांतले २९ इंची मॉनिटर जगभर पाठवले जातात. नानाओ (आजची आयझो) कंपनीच्या मॉनिटरांना विशेष मागणी असते. मात्र जपानी यंत्रे १०० व्होल्टवर चालतात. अमेरिकेत १२० आणि आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने योग्य ट्रान्सफॉर्मरविना ती जोडली तर पहिल्याच क्षणी धूर निघण्याची शक्यता असते. ट्रान्सफॉर्मरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगावयाचे, की अनेक अमेरिकी मॉनिटरांनाही पेटीच्या तळाशी एक स्वतंत्र ‘आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर’ लागतो. तो काही किलो वजनाचा लोखंडी ठोकळा असतो आणि मॉनिटर विकत घेताना तो मागून घ्यावयास लोक हमखास विसरतात.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत शहाणपणाचा. तो म्हणजे भंगारात निघालेल्या घरगुती टीव्हीची ट्यूब. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील १९ इंची टीव्हीची ट्यूब अनेकदा खेळयंत्राच्या चौकटीत चपखल बसते. त्यासाठी मानेची जाडी, मागच्या पिनांची रचना आणि चौकटीला अडकवण्याचे चार कान जुळावे लागतात. मानेवर तांब्याच्या तारांचे जे वेटोळे असते त्याला योक म्हणतात. झोताला डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली वळवण्याचे काम हा योक करतो. टीव्हीचा योक आणि यंत्राचे मंडल यांचा मेळ नसेल तर चित्र आखडते किंवा महागडा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टर जळून जातात. जाणकार म्हणूनच दोन्ही वेटोळ्यांचे माप आधी घेतात आणि जुळत नसेल तर जुन्या ट्यूबवरचा योक काढून नव्या ट्यूबवर चढवतात. योक हलला की रंगांची जुळणी बिघडते व ती पुन्हा जमवावी लागते. रंगीत व्हेक्टर मॉनिटरांचे योक तर खास बनावटीचे होते. ट्यूब टीव्हीतून मिळेल, पण तो योक टीव्हीतून मिळणार नाही.

या देवघेवीत कंपन्यांच्या लहरींचाही फटका बसतो. ‘डाँकी काँग’च्या (१९८१) मूळ यंत्रांत निन्तेन्दोने सान्योचा २० इंची मॉनिटर वापरला आणि त्याला रंगांचे संकेत उलटे दिले. दुसरा कोणताही साधा मॉनिटर जोडला तर काळ्याच्या जागी पांढरे दिसते. त्यासाठी संकेत सुलटा करणारी छोटी पट्टी वेगळी घ्यावी लागते.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला काय विचारावे, याबाबत अनुभवी मंडळींचा कटाक्ष ठरलेला असतो. मॉनिटर चालू स्थितीतले छायाचित्र मागावे आणि बंद स्थितीतलेही. बंद पडद्यावर ‘पॅक-मॅन’चा चक्रव्यूह भुतासारखा दिसत असेल, तर वर्षानुवर्षे एकच चित्र राहून फॉस्फरचा थर जळाला आहे असे समजावे. तो दोष दुरुस्त होत नाही. मानेत इलेक्ट्रॉन सोडणारा भाग किती क्षीण झाला आहे हे ट्यूब तपासण्याच्या यंत्रावर कळते. असे यंत्र अमेरिकेतील जुन्या टीव्ही दुरुस्ती दुकानांत असे आणि आज त्यालाही संग्राहकांत चांगला भाव आहे. विक्रेत्याकडे ते नसेल तर निदान अंधाऱ्या खोलीत, पूर्ण तापल्यावर, पांढरा रंग कसा दिसतो याचे छायाचित्र तरी मिळवावे.

काढताना

पेटीतून मॉनिटर काढणे हे एकट्याचे काम नाही. संपूर्ण यंत्र सव्वाशे किलोच्या आसपास असते आणि मॉनिटर काढण्यासाठी खोल पेटीत वाकून उभे राहावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढली तरी ट्यूबमध्ये विद्युतभार साठून राहू शकतो, कारण ती स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते. तो भार उतरवण्याची पद्धत ठरलेली आहे. जाड प्लॅस्टिकच्या मुठीच्या लांब पेचकसाला एक वायर जोडून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या मागून गेलेल्या उघड्या विणीव तारेला लावायचे. मग एक हात पाठीमागे ठेवून पेचकसाचे टोक रबरी टोपीखाली आतल्या पकडीपर्यंत सरकवायचे. कधी ‘टिक्’ असा आवाज येतो, कधी येत नाही. काही मिनिटांनी हीच क्रिया पुन्हा करावी, कारण थोडा भार मागाहून परत जमतो. झटका बसला तर त्याने होणारी इजा एकीकडे, आणि दचकून हातातली २० किलोची काच सुटणे दुसरीकडे. ज्याने हे काम कधी केलेले नाही त्याने ते टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराच्या देखरेखीखालीच करावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे हवेतच. मान धरून ट्यूब कधीही उचलू नये. पडदा छातीकडे घेऊन दोन्ही हातांनी तळाच्या कोपऱ्यांना आधार द्यावा.

बांधणी

खोके शाबूत, कोपरेही न दुमडलेले, आणि आत मात्र मान तुटलेली. अशा पार्सलांच्या हकिकती या छंदातल्या लोकांकडून वारंवार ऐकू येतात, आणि त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. समजा, खोके ६० सेंटीमीटरवरून, म्हणजे कमरेच्या थोडे खालून, जमिनीवर पडले. खाली तीन सेंटीमीटर दबणारा फोम असेल तर आतली वस्तू थांबताना गुरुत्वाच्या सरासरी वीसपट धक्का सोसते. तेच केवळ पुठ्ठा असेल आणि वस्तू तीन मिलिमीटरमध्ये थांबली तर धक्का दोनशेपट होतो. मानेवर बसवलेला योक तांब्याचा आणि फेराइटचा, साधारण एक किलोचा. वीसपट धक्क्यात तो वीस किलोच्या ओझ्यासारखा काचेला ओढतो, दोनशेपट धक्क्यात दोनशे किलोच्या. बाहेरून काहीही न लागता मान मोडते ती अशी.

यावरून बांधणीची रीत आपोआप ठरते. प्रथम मानेच्या टोकावरचा छोटा सर्किट बोर्ड हलक्या हाताने काढावा. मॉनिटरचे मुख्य मंडल आणि चौकटीवरचे सुटे ट्रान्सफॉर्मरही काढून वेगळ्या खोक्यात पाठवावेत. आत एखादा जड भाग सुटला तर तोच हातोड्यासारखा काचेवर आदळतो. योक आणि त्यामागील जुळणीची कडी यांच्या जागा रंगाने खुणावून ठेवाव्यात आणि योकभोवतीच्या रबरी पाचरी घट्ट आहेत ना ते पाहावे. मानेवर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची रुंद नळी अशी बसवावी की तिचा आधार चौकटीवर येईल आणि मानेला ती कोठेही स्पर्श करणार नाही. मानेवर कापड गुंडाळून वर चिकटपट्टी आवळणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण तो निरुपयोगी म्हणावा लागेल. त्याने मानेचा भार वाढतो, आधार मिळत नाही.

मॉनिटर ठेवावा कसा? पडदा खाली, मान वर. वजन पडद्याकडे असल्यामुळे असे ठेवलेले खोके कलंडत नाही आणि सर्वांत मजबूत काच भार घेते. उलटे ठेवले, म्हणजे मान खाली आणि पडदा वर, तर वजन मानेच्या बाजूला येते आणि ट्यूबमधील सुटे कणही गनमध्ये पडू शकतात. पडद्याखाली पातळ मऊ फोम किंवा घोंगडी आणि त्याखाली दाट पॉलिएथिलीनचा फोम किमान पाच सेंटीमीटर द्यावा. येथे एक चूक हटकून होते. उशीसारखा मऊ फोम २० किलो वजनाखाली आधीच सपाट होतो आणि पडताना त्याच्यात दबायला काहीच उरत नाही. उलट फार कडक फोम मोठ्या पृष्ठभागावर पसरला तर तो लाकडासारखा वागतो. वजन ठेवल्यावर फोम किंचितच दबावा आणि हाताने जोर दिला की आणखी दबावा, अशी साधी कसोटी घरच्या घरी लावता येते. थर्माकोलचा ठोकळा पहिल्या मोठ्या आघातात चुरडतो आणि पुढच्या आघातासाठी आधार राहत नाही. थर्माकोलचे सुटे तुकडे भरणे तर सर्वांत वाईट. प्रवासाच्या कंपनाने जड वस्तू त्यांतून हळूहळू खाली सरकत जाते आणि तळाला टेकते.

हे सारे आतल्या खोक्यात. ते दुसऱ्या, मोठ्या, दुहेरी पन्हाळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चहूबाजूंनी फोम देऊन ठेवावे. लांबच्या प्रवासाला याहून चांगला उपाय म्हणजे चौकट प्लायवूडच्या फळीला बोल्टने आवळून तिच्यावर पेटी उभारणे. त्यात वजन वाढते, पण पेटी कोणी एकट्याने उचलून टाकू शकत नाही हा मोठा फायदा. बंद करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. ‘काच’, ‘ही बाजू वर’ असे ठळक लिहावे जरूर, मात्र यांत्रिक पट्ट्यांवरून वाहणाऱ्या पार्सलांच्या केंद्रात ती अक्षरे वाचणारे फारसे कोणी नसते हे गृहीत धरूनच बांधणी करावी.

पाठवणी

अमेरिकेत टपालखात्याची मर्यादा ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो आहे, तर मोठ्या खासगी पार्सल कंपन्या १५० पौंडांपर्यंत, म्हणजे ६८ किलोपर्यंतचे खोके घेतात. मर्यादेत बसते म्हणून पाठवणे मात्र इष्ट असतेच असे नाही. हलक्या पार्सलांच्या गर्दीत जड खोके सर्वांत जास्त आपटते. संग्राहकांनी बरीच वर्षे यावर काढलेला तोडगा आपल्याला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे जसे एसटीच्या टपावरून वा डिकीतून पार्सल जाते, तशी तेथील ग्रेहाउंड बसची पार्सलसेवा होती. एका स्थानकावर खोके द्यायचे, दुसऱ्या स्थानकावर जाऊन घ्यायचे. मधली हाताळणी कमी आणि दरही परवडणारा. ही सेवा २०२२ मध्ये बंद झाली. आता लाकडी पॅलेटवर पट्ट्यांनी बांधून मालमोटारीने पाठवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग उरला आहे. पॅलेट फोर्कलिफ्टनेच उचलावे लागते, त्यामुळे ते कोणी फेकत नाही. एका मॉनिटरसाठी हा खर्च जड जातो म्हणून एकाच शहरातले दोघे-तिघे मिळून एक पॅलेट मागवतात. शेवटी सर्वांत सुरक्षित वाहन म्हणजे स्वतःची गाडी आणि मागच्या आसनावर पट्ट्याने बांधलेला मॉनिटर. सहा-सात तासांचा प्रवास करून मॉनिटर घेऊन येणारे संग्राहक वेडे नसतात, त्यांनी हिशेब केलेला असतो.

परदेशी कुरियरचा हिशेब वेगळाच असतो. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात. येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाहून मोठा असेल तर त्याचेच पैसे आकारले जातात. २० किलोचा मॉनिटर ६० बाय ६० बाय ५५ च्या खोक्यात नीट बांधला की तो सुमारे ४० किलोचा ठरतो. म्हणजे फोम जितका जास्त तितके बिल मोठे, आणि विक्रेत्याला फोम कमी करण्याचा मोह होतो तो येथेच. सागरी मार्गाने घनमीटरच्या दराने सामाईक कंटेनरमध्ये पाठवणे स्वस्त पडते. त्यात महिना-दोन महिने जातात, त्यामुळे आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या टाकाव्या लागतात. पेटी साध्या लाकडाची असेल तर तिच्यातून कीड जाऊ नये म्हणून लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास दिल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. प्लायवूडला ही अट लागू नाही. हा शिक्का नसल्याने बंदरावर अडकून पडलेल्या पेटीचे भाडे आतल्या मालाहून अधिक होऊ शकते.

जड ट्यूबसाठी माणसे किती कष्ट घेतात याचे एक अलीकडचे उदाहरण खेळयंत्रांच्या बाहेरचे, पण त्याच जातकुळीतले आहे. सोनीने बनवलेला ४३ इंची, सुमारे २०० किलो वजनाचा टीव्ही जपानमध्ये ओसाकातील एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर शिल्लक असल्याचा सुगावा अमेरिकेतील एका हौशी तंत्रज्ञाला लागला. इमारत पाडली जाणार होती. तिथल्या ओळखीतून माणसे जमवून तो खाली उतरवण्यात आला आणि समुद्रमार्गे अमेरिकेला नेण्यात आला. ही हकिकत २०२४ मध्ये चित्रफितीच्या रूपाने जगासमोर आली.

विम्याबाबत दोन शब्द. पार्सल कंपन्यांचा विमा घेतला तरी बांधणी अपुरी असल्याचे कारण देऊन दावा फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते, आणि जुन्या काचेच्या वस्तू काही ठिकाणी विम्यातून वगळलेल्याच असतात. अटी आधी वाचाव्यात. काढून ठेवलेली छायाचित्रे कामी येतात ती येथे. फुटलेले खोके फेकून देऊ नये, पाहणी होईपर्यंत ते आतल्या फोमसह जपावे लागते.

मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरांत नव्वदच्या दशकात ज्यांनी ‘मुस्तफा’ (कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, १९९३) खेळला, त्यांतल्या काहींना आता तसे यंत्र घरी असावे असे वाटते. त्यांनी परदेशातून ट्यूब मागवण्याचा विचार करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत आणि पिक्चर ट्यूबची शिसेयुक्त काच घातक कचऱ्यात मोडते. ई-कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे बाझल करारातील नियमही १ जानेवारी २०२५ पासून अधिक कडक झाले आहेत. सीमाशुल्क दलालाचा लेखी सल्ला आधी घेतलेला बरा. त्यापेक्षा शेजारच्या गल्लीतील टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर चौकशी करणे सोपे. आपल्याकडच्या अनेक पार्लरांत प्लायवूडच्या पेटीत घरगुती टीव्हीचीच ट्यूब असे. तिची जुळणी करणारे हातही अजून पूर्णपणे दुर्मीळ झालेले नाहीत.

पार्सल घरी पोहोचले की लगेच जोडण्याची घाई करू नये. थंड गोदामातून उबदार खोलीत आलेल्या काचेवर आणि वेटोळ्यांवर दव धरते, म्हणून एक दिवस ते तसेच राहू द्यावे. खोके उघडताना छायाचित्रे काढावीत आणि पोहोचपावतीवर सही करण्यापूर्वी बाहेरचे नुकसान लिहून द्यावे. मग विजेरी घेऊन मान पाहावी. केसाएवढी भेगही पुरते. मानेवर सगळे ठीक दिसले, तर योकच्या खुणा जुळतात का ते तपासून मंडल जोडावे, खोलीतला दिवा मालवावा आणि वीज द्यावी. मानेत गनचा तंतू मंद नारिंगी दिसू लागला तर ट्यूब सुखरूप आली असण्याची आशा धरावी. जांभळट प्रकाश दिसला तर आत हवा शिरली आहे, ताबडतोब वीज बंद करावी आणि विक्रेत्याला कळवावे.